मार्गारेट सँगर : सरकारशी झुंज, सरकारलाच साकडे

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील ब्राउन्सव्हिल ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आलेल्या गरीब ज्यू आणि इटालियन कुटुंबांची दाटीवाटीची वस्ती होती. तिथल्या अँबॉय स्ट्रीटवर ४६ क्रमांकाच्या घरात १६ ऑक्टोबर १९१६ रोजी एक छोटेसे केंद्र उघडले. इंग्रजी, यिडिश आणि इटालियन अशा तीन भाषांतील पत्रके आधीच वाटली गेली होती. दारापुढे बाबागाड्या घेऊन आलेल्या बायकांची रांग लागली. फी होती दहा सेंट. गर्भ कसा राहतो आणि नको असेल तर तो राहू नये म्हणून काय करावे, एवढेच तिथे समजावून सांगितले जाई. गर्भपात तिथे केला जात नव्हता. उलट गर्भ पाडण्याची वेळच येऊ देऊ नका, असेच पत्रकात बजावलेले होते. तरीही दहा दिवसांच्या आसपास पोलीस आले आणि केंद्राला टाळे लागले. तोवर चारशेहून अधिक बायका तिथे येऊन गेल्या होत्या.

हे केंद्र चालवणाऱ्या परिचारिकेचे नाव मार्गारेट सँगर. संततिनियमनासाठी जगभर रूढ झालेला 'बर्थ कंट्रोल' हा शब्दप्रयोग त्यांच्याच नियतकालिकातून पुढे आला. मूल हवे की नको, किती आणि केव्हा, हे बाईने ठरवायचे, त्यात सरकारने पडायचे नाही, हा त्यांच्या कामाचा पाया. मात्र याच सँगरबाईंनी पुढे काही माणसांच्या बाबतीत हा निर्णय सरकारने स्वतःच्या हाती घ्यावा, असेही सांगितले. त्यांचे चरित्र या दोन्ही बाजूंसह वाचावे लागते. गर्भनिरोध आणि गर्भपात यांत सरकारची जागा नेमकी कुठे, हा वाद आजही त्याच दोन टोकांमध्ये हेलकावे खातो आहे.

अकरा भावंडांतली सहावी

मार्गारेटचा जन्म १४ सप्टेंबर १८७९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या गावी झाला. वडील मायकेल हिगिन्स पाथरवट. थडग्यांवरचे दगड घडवणे हा त्यांचा धंदा. माणूस बंडखोर विचारांचा, धर्मसंस्थेवर उघड टीका करणारा, त्यामुळे गावात काम मिळण्याची मारामार. आई अ‍ॅन हिला अठरा वेळा दिवस गेले, त्यातली अकरा मुले जगली. तिला क्षयरोग होता. सततची बाळंतपणे, अपुरे अन्न आणि क्षय यांनी ती झिजत गेली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १८९९ मध्ये वारली. आईच्या मृत्यूचे कारण क्षय असले तरी तिला खऱ्या अर्थाने बाळंतपणांनी मारले, ही मुलीची खात्री आयुष्यभर टिकली. थोड्या अंतराने होणारी अनेक बाळंतपणे स्त्रीच्या शरीरातील लोहाचा आणि पोषणाचा साठा घटवू शकतात.

मार्गारेटने व्हाइट प्लेन्स येथील रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. १९०२ मध्ये विल्यम सँगर या वास्तुरचनाकाराशी लग्न झाले. क्षयाने तिलाही गाठले होते. तरी तीन मुले झाली. १९१० च्या सुमारास कुटुंब न्यूयॉर्क शहरात आले आणि मार्गारेट लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा इमारतींत घरोघर जाऊन बाळंतिणींची सेवा करू लागली.

त्या वस्तीत पाहिलेली एक घटना त्यांनी नंतर शेकडो व्यासपीठांवरून सांगितली. १९१२ चा उन्हाळा. एका ट्रकचालकाची तीन मुलांची आई स्वतःच गर्भ पाडण्याच्या प्रयत्नात मरणाच्या दारात पोचली होती. शुश्रूषेने ती वाचली. पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून काय करू, असे तिने डॉक्टरांना विचारले, तेव्हा नवऱ्याला गच्चीवर झोपायला पाठव, अशी थट्टा करून ते निघून गेले. काही महिन्यांनी तेच घर, तीच बाई आणि तोच प्रकार. या वेळी ती वाचली नाही. सेडी सॅक्स या नावाने सँगर यांनी सांगितलेली ही बाई एकच होती की अनेक जणींची मिळून एक झाली होती, याविषयी इतिहासकारांना शंका आहे. अशा बाया मात्र त्या वस्तीत वारंवार मरत होत्या, याविषयी कोणालाच शंका नाही.

त्या मृत्यूमागचे वैद्यकीय कारण साधे आहे. अस्वच्छ सुई, काडी किंवा नळी गर्भाशयात गेली की तिच्याबरोबर जंतू जातात. आत राहिलेल्या गर्भाच्या अवशेषांत ते झपाट्याने वाढतात, रक्तात शिरतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडतात. पेनिसिलिन सर्वसामान्यांच्या हाती यायला अजून तीन दशके होती. अशा बाईला वाचवण्याचे साधन डॉक्टरांकडे जवळपास नव्हतेच.

टपालातून पकडलेला गुन्हा

या बायकांना माहिती का मिळत नव्हती? कारण माहिती देणे हाच गुन्हा होता. अमेरिकी संसदेने १८७३ मध्ये केलेला कायदा अँथनी कॉमस्टॉक या कडव्या नीतिरक्षकाच्या नावाने ओळखला जातो. अश्लील साहित्याबरोबरच गर्भनिरोधाची आणि गर्भपाताची साधने व माहिती टपालाने पाठवणे या कायद्याने गुन्हा ठरवले. गर्भ राहू न देणे आणि राहिलेला गर्भ पाडणे यांतला फरक कायद्याला दिसत नव्हता, दोन्ही अश्लीलच. खुद्द कॉमस्टॉक टपाल खात्याचा खास निरीक्षक म्हणून लोकांची पाकिटे तपासत असे. सँगर यांनी 'न्यूयॉर्क कॉल' या समाजवादी दैनिकात मुलींसाठी आरोग्यविषयक लेखमाला लिहिली, तेव्हा गुप्तरोगांवरील लेख टपाल खात्याने अडवला. दैनिकाने त्या जागी सदराचे नाव आणि खाली कोरी चौकट छापली.

त्या काळात सँगर यांची ऊठबस समाजवादी आणि अराजकवादी मंडळींत होती. सरकार जितके दूर तितका माणूस मोकळा, हा विचार एमा गोल्डमन यांच्यासारख्या वक्त्यांकडून त्या ऐकत होत्या. मार्च १९१४ मध्ये त्यांनी 'द वुमन रिबेल' हे मासिक काढले आणि काही महिन्यांतच त्यांच्यावर खटला भरला गेला. दोषी ठरल्या असत्या तर दीर्घ तुरुंगवास अटळ होता. खटल्याला तोंड देण्याऐवजी त्या खोट्या नावाने कॅनडामार्गे इंग्लंडला निसटल्या. जाताना 'फॅमिली लिमिटेशन' ही छोटी पुस्तिका मात्र वाटली जाईल अशी व्यवस्था करून गेल्या. त्या पुस्तिकेची एक प्रत दिल्याबद्दल मागे राहिलेल्या नवऱ्याला ३० दिवसांची कैद झाली.

युरोपातील मुक्कामात त्यांनी हॉलंडची केंद्रे पाहिली. तिथे डायफ्रॅम वापरात होता. ही रबराची वाटी गर्भाशयाच्या मुखावर बसते आणि शुक्रजंतूंची वाट अडवते. प्रत्येक स्त्रीचे माप वेगळे असल्याने ती तपासूनच द्यावी लागते. पुस्तिका वाटून भागणार नाही, प्रशिक्षित माणूस आणि तपासणीची जागा हवी, हे त्यांच्या लक्षात आले. ऑक्टोबर १९१५ मध्ये त्या परतल्या आणि महिनाभरातच पाच वर्षांची मुलगी पेगी न्यूमोनियाने गेली. लोकांची सहानुभूती वाढली, सरकारने खटला मागे घेतला. पुढच्याच वर्षी ब्राउन्सव्हिलचे केंद्र उभे राहिले.

किल्ली डॉक्टरच्या हाती

केंद्रावरील धाडीनंतर सँगर यांची बहीण एथेल बर्न हिने तुरुंगात उपोषण केले आणि तिला जबरदस्तीने अन्न भरवण्यात आले. सँगर यांनीही ३० दिवस तुरुंगात काढले. त्यांचे अपील १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे आले. न्यायमूर्ती क्रेन यांनी शिक्षा कायम ठेवली, पण रोग बरा करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी डॉक्टर गर्भनिरोधाचा सल्ला देऊ शकतात, असा अर्थ लावला. दार किलकिले झाले, पण किल्ली गेली डॉक्टरच्या हाती.

इथे चळवळीत फूट पडली. मेरी वेअर डेनेट यांचा आग्रह होता की गर्भनिरोधाचा उल्लेखच अश्लीलतेच्या कायद्यातून काढून टाकावा. प्रौढ माणसाने काय वाचावे आणि काय वापरावे हे सरकारने किंवा डॉक्टरांनी का ठरवावे? सँगर यांनी डॉक्टरांना सूट देणाऱ्या दुरुस्तीचा मार्ग धरला. व्यवहारात तोच फळला. १९२३ मध्ये त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालील केंद्र सुरू केले. १९२९ मध्ये तिथे धाड पडली आणि पोलिसांनी रुग्णांची कार्डे उचलून नेली, तेव्हा आजवर अंतर राखून असलेले शहरातील डॉक्टरही संतापले. रुग्ण डॉक्टरला जे सांगतो ते पोलिसांच्या हाती जाणार असेल, तर उद्या कोणता रुग्ण तोंड उघडेल? हा खटला टिकला नाही. जपानहून डॉ. हॅना स्टोन यांच्या नावे आलेले गर्भनिरोधकांचे पार्सल सरकारने जप्त केले होते. त्या खटल्यात १९३६ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला आणि कॉमस्टॉक कायद्याचे दात निखळले. मात्र जिला डॉक्टर परवडत नव्हता, तिच्यापर्यंत हा निकाल पोचायला बरीच वर्षे लागली.

गर्भपाताबाबत सँगर सावध राहिल्या. काही प्रसंगी तो समर्थनीय ठरू शकतो, हे त्यांनी सुरुवातीच्या पुस्तिकेत मान्य केले होते. पण त्यांचा भर होता तो गर्भनिरोध पोचला की गर्भपाताची गरजच उरणार नाही, यावर. त्यामुळे एका अवघड प्रश्नाला त्यांनी वळसा घातला. सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असे मानणारे आणि स्वतःला लिबर्टेरियन म्हणवणारे लोकही गर्भपाताच्या प्रश्नावर एकमुखी नाहीत. एका गटाच्या मते शरीर जिचे, निर्णय तिचाच. तिला नऊ महिने गर्भ वाढवायला भाग पाडणे ही सरकारी सक्ती. दुसऱ्या गटाच्या मते गर्भ हाही जीव, आणि जीवाचे रक्षण हे तर किमान सरकारचेही पहिले काम. गर्भनिरोधात दुसरा जीव नसतो, म्हणून तिथे सरकारला बाहेर ठेवणे तुलनेने सोपे होते. तरीही ते साधायला सँगर यांचे आयुष्य खर्ची पडले.

उलटलेली तलवार

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत युजेनिक्स, म्हणजे माणसाची 'जात सुधारण्याचे' शास्त्र, विद्यापीठांत आणि वैद्यकीय वर्तुळात प्रतिष्ठित होते. सँगरही त्याच्या प्रभावाखाली आल्या. सामान्य स्त्रीने किती मुले जन्माला घालावीत हे सरकारने सांगू नये, यावर त्या ठाम होत्या. तथाकथित उच्च कुळांतील बायकांनी अधिक मुले जन्माला घालावीत हा युजेनिक्सवाल्यांचा आग्रह त्यांनी झुगारला. पण मतिमंद, अपस्मारी किंवा आनुवंशिक दोष असलेल्या लोकांची नसबंदी करावी किंवा त्यांना समाजापासून वेगळे ठेवावे, अशी मांडणी त्यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत केली. १९३२ च्या एका लेखात तर हा सरकारी कार्यक्रम असावा, असेच सुचवले.

असा कार्यक्रम कागदावर नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये कॅरी बक या व्हर्जिनियातील तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला आठ विरुद्ध एक मताने मान्यता दिली होती. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी, तिघीही मंदबुद्धी असल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात कॅरीवर बलात्कार झाला होता आणि गरोदरपण झाकण्यासाठी तिला संस्थेत टाकले होते. तिची मुलगी पुढे शाळेत चांगल्या गुणांच्या यादीत झळकली आणि आठव्या वर्षी आजारपणात गेली. अमेरिकेत ६० हजारांहून अधिक लोकांची अशी नसबंदी झाली. गरिबी, निरक्षरता, अपस्मार आणि बुद्धीतील कमतरता यांची एकच मोट बांधून सगळे काही आनुवंशिक म्हणणारे ते शास्त्र मुळातच चुकीचे होते.

सरकारने बाईला गर्भ वाढवायला लावणे आणि सरकारने तिचा गर्भाशय निकामी करणे, या दोन्हींत निर्णय तिच्या हातून जातो, हे सँगर यांना दिसायला हवे होते. आपण मदत करतो त्या बायका शहाण्या आणि ज्यांना आपण ओळखत नाही त्या अपात्र, ही रेघ त्यांनी ओढली आणि त्यांच्याच लढ्याची धार उलटली. न्यूयॉर्कच्या ज्या संस्थेचा वारसा त्यांच्याकडे जातो, तिने २०२० मध्ये याच कारणासाठी आपल्या दवाखान्यावरून त्यांचे नाव उतरवले.

वर्धा, मुंबई आणि पुढे

१९३५ च्या अखेरीस सँगर अखिल भारतीय महिला परिषदेच्या निमंत्रणावरून भारतात आल्या. डिसेंबरमध्ये त्या वर्ध्याला जाऊन महात्मा गांधींना भेटल्या. बायकांचे दुःख दोघांनाही मान्य होते, उपाय जुळला नाही. गांधीजींना साधनांऐवजी संयम हवा होता आणि बायकांनी नवऱ्याला नकार द्यायला शिकावे असे वाटत होते. नकार देण्याची सोय किती बायकांना असते, हे सँगर यांनी लोअर ईस्ट साइडमध्ये पाहिले होते. पुढे त्रिवेंद्रमच्या अधिवेशनात महिला परिषदेने संततिनियमनाच्या बाजूने ठराव केला. महाराष्ट्रात ही वाट त्याआधीच मळू लागली होती. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्येच संततिनियमनाचे केंद्र काढले होते आणि त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरही अश्लीलतेचेच खटले भरले गेले. त्यांपैकी एका खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

१९५२ मध्ये सँगर पुन्हा मुंबईत होत्या. तिथे भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघ स्थापन झाला. धन्वंती रामा राव आणि सँगर या त्याच्या सहअध्यक्षा. त्याच वर्षी भारताने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारला. गोळीच्या संशोधनासाठी ग्रेगरी पिंकस यांना कॅथरीन मॅककॉर्मिक यांचा पैसा मिळवून देणाऱ्याही सँगरच. त्या गोळीच्या मोठ्या चाचण्या १९५६ पासून पोर्तो रिकोतील गरीब बायकांवर झाल्या. हार्मोनचे प्रमाण आजच्या कितीतरी पट होते आणि आपण प्रयोगात आहोत याची पूर्ण कल्पना त्या बायकांना दिली गेली नव्हती. १९६० मध्ये गोळीला मान्यता मिळाली. १९६५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विवाहित जोडप्यांचा गर्भनिरोधाचा अधिकार खासगी आयुष्याचा भाग ठरवला. ६ सप्टेंबर १९६६ रोजी अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे सँगर वारल्या, तेव्हा त्यांना ८७ वर्षे पूर्ण व्हायला आठ दिवस उरले होते. खासगी आयुष्याच्या त्याच तत्त्वावर १९७३ मध्ये तिथे गर्भपाताचा अधिकार उभा राहिला आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो काढून घेतला.

भारतात दोन्ही टोके पाहायला मिळाली. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात करणाऱ्यालाच नव्हे, तर गर्भ पाडून घेणाऱ्या बाईलाही गुन्हेगार ठरवले होते. १९७६ मध्ये चाक उलटे फिरले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कितीतरी दबावाखाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्यानंतर लोकांच्या मनात बसलेली धास्ती इतकी खोल होती की पुरुष नसबंदी आजवर सावरलेली नाही. तो भार बायकांवरच गेला.

दोन टोकांच्या मधली वाट १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने काढली. त्यात गर्भपात हा बाईचा निरपवाद हक्क नाही. नोंदणीकृत डॉक्टरचे मत लागते. न्यायमूर्ती क्रेन यांनी अमेरिकेत जी किल्ली डॉक्टरला दिली, तशीच ही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरते. त्यापुढे, गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय देते. सरकारने पूर्णपणे बाजूला व्हावे, हेही आपल्याकडे सोपे नाही. गर्भलिंग तपासून मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले, तेव्हा महाराष्ट्राला १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा करावा लागला.

याच १९७१ च्या कायद्यातील एक तरतूद अजूनही अनेक घरांत आणि काही दवाखान्यांतही ठाऊक नसते. १८ वर्षे पूर्ण झालेल्या, स्वतः निर्णय घेण्यास सक्षम असलेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची, सासूची किंवा वडिलांची सही कायद्याने मागितलेली नाही. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही, आणि गर्भपातासाठी आली म्हणून नसबंदीही करून घेच, अशी अट तिच्यावर लादता येत नाही. संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घेण्याआधी तिला एकटीला बसवून, तिच्या भाषेत सगळे समजावून सांगायचे असते.